आधी तोंड धुवायचं

शालन पुण्याला गेली आणि माझ्या दुकानाची डावी भिंत मुकी झाली. भिंत कसली, साधं प्लायवूड. अलीकडे माझी ब्लाउज शिवायची मशीन, पलीकडे तिचं ब्युटी पार्लर. अकरा वर्षं त्या प्लायवूडमधून आम्ही बोललो, भांडलो, एकमेकींचा चहा मागवला. आता तिथे मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. माणूस गुणी आहे, पण दिवसभर मान खाली. एक शब्द बोलेल तर शपथ.

महाडच्या बाजारात पार्लरं काही कमी नाहीत. शालनचं त्यातलं सगळ्यात लहान. दोन खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन, भिंतीला एक आरसा. त्या आरशाच्या खालच्या भागावर पुराच्या पाण्याचा तपकिरी पट्टा होता. किती वेळा सांगितलं, बाई, बदल तो आरसा, गिऱ्हाईक काय म्हणेल. तर म्हणायची, "असू दे गो मंदाताई. पाणी कुठवर आलं होतं ते कळायला नको काय?"

स्वतः मात्र सकाळी नऊला शटर उघडायची ती पूर्ण नटूनच. तोंडाला जाड फाउंडेशन, वर पावडर, लिपस्टिक, बंद गळ्याचा ब्लाउज आणि मनगटापर्यंत बाह्या. आमच्याकडे मे महिन्यात अंगावर पदर नकोसा होतो, आणि ही बंद गळ्यात. ते ब्लाउज मीच शिवायची, तिने दिलेल्या जुन्या ब्लाउजच्या मापाने, आणि दर वेळी टोचून बोलायची. "तुला काय दरबार भरवायचाय?" ती हसायची. "पार्लरवालीच भुतासारखी बसली तर गिऱ्हाईक येईल काय?" मी मनात म्हणायची, बाईला नखरा आहे. असेना का, शिलाई चोख देते.

तिचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरातली एक वाडी. ऐन विशीत मुंबईला गेली, एका मोठ्या हॉटेलातल्या पार्लरमध्ये केस झाडायला लागली आणि झाडता झाडता सगळं शिकली. तिथली मालकीण म्हातारी, फाडफाड इंग्रजी बोलणारी. काम झालं की ती बाईची खुर्ची आरशाकडे फिरवायची आणि एकच शब्द म्हणायची. स्टनर. नॉकआउट. शोस्टॉपर. बॉम्बशेल. शालनने ते सगळे शब्द शाळेच्या वहीत मराठी अक्षरांत लिहून घेतले होते, पुढे अर्थासकट. महाडला आल्यावर तिनेही तीच रीत ठेवली. नवरीचं आवरून झालं की दोन पावलं मागे जायची, कंबरेवर हात ठेवायची, खालपासून वरपर्यंत बघायची आणि एक शब्द द्यायची. एका दिवसात तोच शब्द दोघींना नाही. 'छान' किंवा 'सुंदर' तर तिच्या तोंडून कधी ऐकलंच नाही. "सुंदर तर आई पण म्हणते," म्हणायची, "आईचं कोण धरतो?"

मग काय, गल्लीत हे शब्द पानसुपारीसारखे फिरायला लागले. बिरवाडीच्या बायका येऊन सांगायच्या, "आमच्या पोरीला बॉम्बशेल करा." जणू ती केसांची रचनाच आहे.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शालन प्लायवूडला पाठ टेकून बसली होती, मी काजं करत होते. पलीकडून म्हणाली, "मंदाताई, ह्या इंग्रजांना बाई आवडली की मार बसल्यासारखं का होतं गो? स्टनर म्हणजे बघणाऱ्याची शुद्ध गेली. नॉकआउट म्हणजे बुक्की खाऊन आडवा. बॉम्बशेल तर तोफेचाच गोळा. आपल्यात चंद्र म्हणतात, चाफेकळी म्हणतात. त्यांच्यात थेट दवाखाना."

मी म्हटलं, "आपल्यातही घायाळ करते म्हणतातच की."

"म्हणजे सगळीकडचे पुरुष नाजूकच," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि धक्का बसला तरी तेच शब्द. कुणी झाकून ठेवलेली गोष्ट बाहेर आली, तर तीसुद्धा बॉम्बशेल." तेव्हापासून गल्लीतली कुठलीही बातमी ती मला याच नावाने द्यायची. "मंदाताई, बॉम्बशेल. पोलादपूरची गाडी आज डेपोतूनच सुटली नाय." एसटी न सुटणं ही आमच्याकडे बातमी तरी आहे का? पण ती अशा आवाजात सांगायची की मी मशीन थांबवायची.

या शब्दांनी एकदा पंचाईतही झाली. मेकअपच्या ट्रायलला आलेल्या एका नवरीला हिने 'ड्रॉप डेड' दिला. नवरीचे आजोबा बाहेर माझ्या बाकावर बसले होते, कशेडी घाटाच्या अलीकडच्या एका वाडीतले, डोक्याला मुंडासं. मुंबईहून आलेल्या त्यांच्या पुतण्याने हौसेने अर्थ सांगितला, की बघणारा जागच्या जागी मरून पडेल असा. आजोबा काठी टेकत उठले. "नवरीच्या अंगाला हळद लागायची हाय अजून, आणि तू मरणाचा शब्द काढतेस?" शालन हात जोडून बाहेर आली. चुकलं म्हणाली. दुसरा शब्द देते म्हणाली. आजोबा म्हणाले, "तुजा इंग्रजी नको. देवी म्हण."

"देवी म्हटलं तर नवरा जन्मभर पायाच पडत बसेल, आजोबा. संसार कधी करायचा?"

आजोबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच दिलं. तेव्हापासून लग्नसराईत तो शब्द वहीतच राहिला.

पण शालनचं नाव झालं ते शब्दांमुळे नाही. नाव झालं, आणि बदनामही झालं, ते तिच्या एका अटीमुळे. नवरीचं काम घ्यायचं तर लग्नाच्या आठ दिवस आधी नवरीने पार्लरमध्ये यायचं, मुलाकडच्या दोन बायकांनी यायचं, आणि त्यांच्यासमोर नवरीने साबणाने तोंड धुऊन दाराशी उजेडात बसायचं. पावडर नाही, काजळ नाही. त्यांनी चेहरा बघायचा आणि घरी जायचं. याला ती तोंडधुणी म्हणायची. लोक चिडायचे. हे काय नवीन खूळ, म्हणायचे. शालन ऐकायची नाही. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही पोरगी तोंड धुणारच हाय. सासरचे तेव्हा दचकतील, त्यापेक्षा आता दचकू देत. त्यांचं दचकून झालं की मेकअपला मी हाय."

काही जणी तणतणत दुसऱ्या पार्लरला गेल्या. पण शालन मुंबईत राहून आली होती. तिने जाहीर केलं, तोंडधुणीला येणाऱ्या मुलाकडच्या बायकांच्या आयब्रो फुकट. झालं. सासवा, नणंदा, आत्या, सगळ्यांना महाडला यायला निमित्त मिळालं. बाजार व्हायचा, लस्सी व्हायची, भुवया कोरून व्हायच्या, आणि जाता जाता नवरीचा धुतलेला चेहराही बघून व्हायचा. कुणाच्या गालावर मुरमं, कुणाच्या ओठावर लव, कुणाच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खूण. सासवा बघायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, एवढंच ना? दोन-तीन वर्षांत लोक साखरपुड्याइतक्या सहज विचारायला लागले, तोंडधुणी झाली का?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सुनंदा तिच्या मुलीला, दर्शनाला घेऊन आली. तीही पोलादपूरच्या डोंगरातली, शालनच्या शेजारच्याच वाडीची. दर्शना बी.कॉम. झालेली, उंच, नाकीडोळी नीटस. पण ओढणी सोडली तर दिसलं, खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत पांढरा डाग. कोड. उजव्या गालावर दुसरा, लहान. वर्षभरात आला होता. लग्न ठरलं होतं बिरवाडीच्या नितेशशी. एमआयडीसीत कंपनीत कायम नोकरी, घर पक्कं, एकुलता एक. बघायला आले तेव्हा पावडर थापली होती, साखरपुड्यालाही थापली होती. कुणाला काही कळलं नव्हतं.

"शालन, तू आपल्या खोऱ्यातली," सुनंदा म्हणाली. तिने शालनचा हात धरूनच ठेवला होता. "दुसरीकडं करून बघितलं, डाग वर येतोच. तुला जमेल म्हणतात. लग्न होऊ दे, मग सांगू. एकदा मूल झालं की कोण काय करतो?"

"झाकायला जमेल मला," शालन म्हणाली. "पण आधी तोंडधुणी."

"मोडेल गो लग्न. हिचं परत कुठं जमणार?"

"मोडायचं असेल तर आधीच मोडू दे, सुनंदावहिनी."

सुनंदा रडली, विनवण्या करून बघितल्या, शेवटी तारीख घेऊन गेली. तिला वाटलं असावं, आयत्या वेळी ही विरघळेल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. मी संध्याकाळी शालनला म्हटलंसुद्धा, "एवढी काय हट्टाला पेटलीस? पोरीचा जन्माचा प्रश्न आहे." पलीकडे फक्त खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

तोंडधुणीच्या दिवशी नितेशची आई आणि त्याची लग्न झालेली बहीण बिरवाडीहून रिक्षाने आल्या, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. नितेशच्या आईला सगळे काकीच म्हणत. अंगाने भक्कम, बोलायला रोखठोक. "आधी आमचं करून टाक," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. शालनने दोरा दातांत धरला आणि एक भुवई कोरून पुरी केली. तेवढ्यात सुनंदा आणि दर्शना आल्या. मी दर्शनाच्या ब्लाउजची ट्रायल घ्यायला दारातच उभी होते.

"ये दर्शना," शालन दातांत दोरा ठेवूनच म्हणाली. "साबण तिथं हाय. तोंड धू."

दर्शना हलली नाही. ती हळूच बोलली, पण पार्लर केवढं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमी धुता काय?"

शालन थांबली.

"तुमच्या कानामागं थोडं झाकायचं राहिलंय," दर्शना म्हणाली. "मी पण रोज लावते. मला कळतं."

शालनने दातांतला दोरा काढला, काकींच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बेसिनशी गेली. क्रीम घेतलं, कापूस घेतला. किती तरी कापूस लागला. मग साबण, मग पाणी. टॉवेलने पुसून ती दाराशी उजेडात आली, जिथे नवऱ्या बसायच्या तिथे. कपाळ तिचं होतं, डोळे तिचे होते. बाकी निम्मा चेहरा पांढरा आणि वरच्या बटणापर्यंत गळाही पांढरा. नऊ वर्षं मी तिच्या शेजारी बसत होते. तिच्या ब्लाउजांची मापं मला तोंडपाठ होती. आणि मी तिला नखरेल समजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकी, आधी मला बघा," शालन म्हणाली. "माझ्या लग्नात आईने असंच थापलं होतं. नवव्या दिवशी मला माहेरच्या दारात आणून सोडलं. कोड हाय म्हणून नाय, फसवलं म्हणून, असं ते म्हणाले. खरं काय ते त्यांना ठाऊक. पण आम्ही फसवलंच होतं, म्हणून आमच्या बाजूने कुणाला बोलता आलं नाय. ह्या पोरीचं तसं व्हायला नको."

मग तिने दर्शनाकडे बघितलं. दर्शना उठली, बेसिनशी गेली, तोंड धुतलं आणि येऊन शालनच्या शेजारी बसली.

काकींनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "लागट हाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाय. वीस वर्षं मी बायकांच्या तोंडाला हात लावतेय. एकीला तरी झालं काय ते महाडात विचारा."

"वाढतं काय?"

"वाढतं. कधी थांबतं. सांगता येत नाय."

काकी उठल्या. "घरी विचारावं लागेल," म्हणाल्या आणि मुलीला घेऊन निघून गेल्या. एक भुवई धनुष्यासारखी, दुसरी होती तशी रानटी. हाक मारून सांगायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर सुनंदा जे बोलली ते मी लिहीत नाही. आईचा जीव तो. तिला दिसत होतं ते एकच, पोरीचं लग्न या बाईने मोडलं. शालन ऐकत राहिली. "वहिनी, त्या नाय म्हणाल्या तर मी तुमची गुन्हेगार," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शालन नऊला आली ती तशीच, धुतलेल्या तोंडाने. गल्ली बघत राहिली. दोन नवरीमुलींच्या घरून फोन आले, आमचं दुसरीकडे ठरलंय. एक बाई दारापर्यंत येऊन परत फिरली. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं, खरंच लागट नसेल ना? आणि मग माझी मलाच एवढी लाज वाटली की मी मशीन सोडून उठले, तिच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हटलं, "माझ्या आयब्रो कर." पंचावन्न वर्षांत कधी केल्या नव्हत्या. जाम दुखलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळं काही दोऱ्यामुळे नव्हतं.

"काकी येतील असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"ठाऊक नाय गो," ती म्हणाली. "पोरीला मी कुठं नेऊन सोडलं ते मला कळत नाय." तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी आल्या. पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. मागे नितेश. आल्या आल्या म्हणाल्या, "पोरीला आणि तिच्या आईला बोलवा. त्या येईस्तोवर मी बोलणार नाय." पोलादपूरहून मायलेकी पोचायला दीड तास लागला. तेवढा वेळ काकी पंख्याखाली बसून राहिल्या, शालन कंगवे धुत राहिली आणि मी एका बाहीला तीनदा उलटी शिलाई मारली.

सुनंदा आणि दर्शना आल्या. काकींनी पदर मागे घेतला.

"तीन दिवस ह्या एका भुवईने फिरतेय मी. पाण्याला गेले तरी बायका विचारतात. घरात जाम भांडण झालं. आमच्या ह्यांचं म्हणणं, मोडा. नितेश म्हणाला, नाय मोडायचं. मी कुणाच्याच बाजूने बोलले नाय, कारण मला माझंच खात होतं." त्यांनी मुलाकडे बघितलं. "सांग."

नितेश आरशावरच्या पुराच्या पट्ट्याकडे बघत बोलला. "मी कंपनीत कायम नाय. ठेकेदाराकडं हाय. कधीपण बंद करू शकतात."

सुनंदाचा डोळे पुसणारा पदर तिथेच थांबला. "तुमी तर कायम म्हणालात."

"म्हणालो," काकी म्हणाल्या. "तुमी पावडर लावली, आमी कायम म्हणालो. ही बाई आपलं तोंड धुऊन बसली ती बघून मला घास गिळवेना. आता तुमी सांगा. मोडायचं असेल तर मी ह्याच पावली जाते."

एमआयडीसीच्या आजूबाजूला 'कायम' या शब्दावर किती लग्नं जमतात आणि किती मोडतात, हे मी ब्लाउज शिवता शिवता ऐकलेलं. सुनंदा लेकीकडे बघायला लागली.

दर्शनाने नितेशला विचारलं, "ठेकेदाराकडं किती वर्षं?"

"चार."

"मला फोनवर सांगायचं होतंत."

"तू पण सांगायचं होतंस."

दर्शना आईकडे वळून म्हणाली, "मला चालेल." सुनंदा म्हणाली, "तुला चालेल तर मी कोण?" आणि पहिल्यांदाच शालनकडे बघून मान हलवली.

"चल गो," काकी खुर्चीत बसत शालनला म्हणाल्या, "ही दुसरी कर आधी. लग्नात असं दिसायचं काय मी?"

शालनने दोरा दातांत धरला. ती भुवई जरा वाकडीच झाली.

लग्न दर्शनाच्या वाडीवर झालं. हळदीच्या सकाळी शालन आणि मी पहिल्या जीपने वर गेलो, ती केसांसाठी, मी ब्लाउजच्या हुकांसाठी. वेणी घालताना दर्शना म्हणाली, "ताई, उद्या डाग झाका हां. आता कुणापासून लपवायचं नाय, तर नटायला मजा येईल." शालन हसली, म्हणाली, "झाकते की. इतकी वर्षं मी नटलेच नव्हते, नुसतं झाकत होते."

ती पुण्याला गेली त्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेले होते. भाचीबरोबर तिथे मोठं पार्लर काढलंय, बरं चाललंय, तोंडधुणी तिथेही सुरू केली आहे आणि पुण्याच्या बायका वाद घालतात, असं फोनवर सांगते. पण शालन म्हटलं की मला स्टँडवरची आठवत नाही. आठवते ती त्या हळदीच्या सकाळची.

बिरवाडीहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन काकी आल्या. अंगणात पाटावर दर्शना, भोवती सवाष्णी. नवऱ्याने टाकलेल्या बाईने हळदीच्या जवळ जायचं नाही, हे कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. शालन अशा वेळी पिना शोधायला म्हणून आत जायची, तशी ती पडवीत खांबाआड जाऊन उभी राहिली. सवाष्णींची हळद लावून झाली. काकींनी वाटी हातात घेतली आणि मान वर करून विचारलं, "पार्लरवाली कुठं हाय?"

कुणीतरी बोट दाखवलं. शालन मागे सरकली. "काकी, मी नको. मी हळद लावत नाय. मला चालत नाय."

"तुला लावायला कोण सांगतो?" काकी अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "लावून घे."

त्यांनी दोन्ही तळहातांना हळद फासली आणि शालनच्या दोन्ही गालांवरून, हनुवटीवरून, पांढऱ्या कातडीवरून सावकाश हात फिरवला. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या तोंडाला हात लावत आली होती. तिच्या तोंडाला तेवढ्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. सुनंदा पुढे आली आणि तिनेही बोटभर हळद घेतली. शालनने डोळे मिटले, हनुवटी थोडी वर केली आणि शांत उभी राहिली, पुढे कोण कोण लावतंय ते न बघता.